कौल

उसाची ट्रॉली सांगवीच्या पुलावरून जाऊ लागली की पूल पायाखाली थरथरतो. हंगामात संध्याकाळी मी तिथं कठड्याला टेकून थोडा वेळ उभा राहतो. खाली नीरा, काठाला वेड्या बाभळी, पाण्यात उतरलेल्या दोन-चार म्हशी. अलीकडे बारामती तालुका, पलीकडे फलटण. आज ही फक्त पुणे आणि सातारा या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. माझ्या आजीच्या तरुणपणी मात्र इथं दोन राज्यं एकमेकांना भिडत होती. आमच्या काठाला इंग्रजांचा खालसा मुलूख आणि समोर नाईक-निंबाळकरांचं फलटण संस्थान. आजीचं माहेर पलीकडचं. लग्न होऊन ती नदी ओलांडून आली, म्हणजे तिच्या भाषेत ‘संस्थानातनं खालसात नांदायला’ आली. हे ती अशा सुरात सांगायची, जसं दुसऱ्या बायका घाटावरनं कोकणात दिल्याचं सांगतात.

१५ ऑगस्ट १९४७ ला खालसा स्वतंत्र झाला. समोरच्या काठावर राजा होता, आणि पुढले जवळजवळ सात महिने तो राहिला. मग ८ मार्च १९४८ ला फलटण, औंध, भोर, जत, सांगली, अक्कलकोट अशी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. त्या दिवशी माहेरी काय झालं, असं मी आजीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “काय व्हायचंय? म्हसरं राखली. राजाचं राज्य गेलं म्हणं, आसं चार दिसांनी कळलं.” आणि थोड्या वेळानं, वाटीतली शेंग फोडता फोडता, “कुनी इचारलं न्हाई. आमी बी इचारलं न्हाई.”

तिच्या या दोन वाक्यांपाशी मी बरीच वर्षं अडून बसलो आहे.

जगात पुष्कळ ठिकाणी हे विचारलं गेलं आहे. राजा ठेवायचा की नाही, यावर देशातल्या लोकांचं मत घेतलं गेलं. २ जून १९४६ ला इटलीत लोक रांगा लावून उभे राहिले. तिथल्या बायका देशपातळीवर पहिल्यांदाच मत देत होत्या. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, एक प्रजासत्ताकाचं आणि एक राजघराण्याचं. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख मतं पडली आणि राजाला १ कोटी ७ लाख. उत्तरेनं राजाला नाकारलं, दक्षिणेनं त्याला धरून ठेवलं. नेपल्स शहरात तर शंभरातल्या जवळजवळ ऐंशींनी राजाला मत दिलं. पण मोजणी झाली आणि दुसरा उंबेर्तो दहा-अकरा दिवसांत देश सोडून गेला. ग्रीसमध्ये एका शतकात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. राजा गेला, आला, पुन्हा गेला. शेवटी डिसेंबर १९७४ मध्ये दहातल्या जवळजवळ सात जणांनी त्याला नको म्हटलं आणि तो विषय मिटला. नॉर्वेची गोष्ट उलटी आहे आणि मला ती फार आवडते. १९०५ मध्ये डेन्मार्कच्या एका राजपुत्राला नॉर्वेची गादी देऊ केली. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. मत घेतलं. सुमारे २ लाख ६० हजार लोक हो म्हणाले, ६९ हजार नाही. मगच तो आला आणि सातवा होकोन झाला. त्याच्या गादीखाली लोकांच्या मताचा पाया होता.

अशा मतदानाला आपण सार्वमत म्हणतो. शब्द पुस्तकी आहे, आणि ‘सर्वांचं मत’ हा त्याचा अर्थही पुरता खरा नाही. इटलीत शंभरातल्या पंचेचाळिसांचं मत वेगळंच होतं. मराठीत याला दुसरा एक शब्द आहे, लोकांच्या तोंडातला. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जे मतदान झालं, त्याला मराठी वृत्तपत्रांनी ‘जनमत कौल’ म्हटलं. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. फुलाला १ लाख ३८ हजार १७० मतं पडली, दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१. विलीनीकरणाच्या बाजूनं जीव तोडून उभ्या राहिलेल्या कितीतरी मराठी माणसांना तो निकाल लागला, पण त्यांनी तो मानला. मला वाटतं, ‘कौल’ या शब्दाचा त्यात थोडा हात असावा. कौल मागितला की तो मानावा लागतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

देवाला कौल लावताना मी लहानपणी पाहिलं आहे. गुरव मूर्तीच्या दोन अंगांना ओली फुलं चिकटवतो आणि मोठ्यानं प्रश्न घालतो: काम होणार असेल तर उजवं दे, नसेल तर डावं दे. मग सगळे गप्प. समईची वात तेवढी चरचरते. फूल कधी लगेच पडतं, कधी अर्धा तास लावतं. ज्याचा प्रश्न असतो त्याचे डोळे त्या फुलावरून हलत नाहीत. गावात बरा गुरव कोण आणि नुसता नावाचा कोण, हे फूल चिकटवण्यावरून ठरत नसे, प्रश्न घालण्यावरून ठरे. माझे आजोबा म्हणत, देव खोटं बोलत नाही, प्रश्न खोटा असतो.

पण कौलाला दुसराही अर्थ आहे, आणि तो या मातीत जास्त खोल रुतलेला आहे. अरबीत ‘कौल’ म्हणजे वचन, दिलेला शब्द. मध्ययुगात राजा, जहागीरदार, सुभेदार रयतेला कौल देत. सुपे आणि इंदापूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. इंदापुरात मालोजीराजांची गढी आजही दाखवतात. १६३० च्या सुमारास दुष्काळानं आणि फौजांनी हा सगळा टापू उजाड झाला. पुण्यावर तर गाढवाचा नांगर फिरला. गावं परागंदा झाली. नुसता मुलूख हातात राहून उपयोग नव्हता, तो कसायला माणूस हवा होता. मग कौलनामे दिले गेले. या, जमिनी लावा. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असं करत काही वर्षांत पुरा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. कौल हातात पडला की कुणबी बैल घेऊन परत येई.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं की ज्या काळी कुणाला मत विचारायची रीत नव्हती, त्या काळीही रयतेकडे एक मत होतं. ते पायांत होतं. जुलूम झाला की गाव रातोरात उठून जाई. चुली तशाच, जातं तसंच, गोठे रिकामे. सकाळी पाटलाला पांढरी ओस दिसे. राज्य नको आहे, हे याहून स्पष्ट कोण कसं सांगणार? आणि त्यावर राजाला कौल द्यावा लागे, म्हणजे शब्द द्यावा लागे. फार महाग मत होतं ते. घर, विहीर, शेत, थडगी, देव सगळं मागं ठेवून द्यायचं. पण होतं.

म्हणजे कौल आधी वरून खाली येत होता. देव भक्ताला देई, राजा रयतेला देई. जनमत कौलात तो पहिल्यांदा खालून वर गेला. मागणारं सरकार आणि देणारी माणसं, अशी ती उलटापालट झाली. इटलीतल्या त्या रांगेत शिवणकाम सोडून येऊन उभी राहिलेली बाई कौल देत होती. माझी आजी म्हसरं राखत होती. फरक एवढाच आहे, आणि तो मला लहान वाटत नाही.

विलीनीकरण चूक होतं, असं माझं अजिबात म्हणणं नाही. संस्थानांतल्या प्रजा परिषदा कितीतरी वर्षं जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडल्या होत्या, आणि त्यांनाच शेवटी विलीनीकरण हवं होतं. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींचा खून झाला आणि या भागात जाळपोळीचे जे दिवस आले, त्यांनी लहान संस्थानांना आपलं घरसुद्धा राखता येत नाही हे उघडं केलं. विचारलं असतं तर बहुतेकांनी हो म्हटलं असतं. कोल्हापूर शिवाजी महाराजांच्या घराण्याची गादी म्हणून एक वर्ष मागं राहिलं. तिथं विचारलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला मी धजावत नाही. बाकी ठिकाणी उत्तर ठरलेलं होतं. पण उत्तर ठरलेलं असलं तरी माणसानं ते स्वतःच्या तोंडानं द्यावं लागतं. लग्नात मुलीला पसंत आहे हे सगळ्या मांडवाला माहीत असतं, तरी तिला विचारतातच ना? न विचारता लावून दिलेलं लग्न पुढे सुखाचं झालं, तरी ते लावून दिलेलंच असतं.

आता दुसरी बाजू. नुसतं विचारून भागतं का? सिक्कीमला विचारलं होतं. ९ एप्रिल १९७५ ला भारतीय सैन्यानं तिथले राजे, चोग्याल पाल्देन थोन्दुप नामग्याल यांच्या रक्षकांची शस्त्रं काढून घेतली. १० तारखेला विधानसभेनं ठराव केला. १४ तारखेला मतदान. बाजूनं ५९,६३७ मतं, विरुद्ध १,४९६. महिन्याभरात सिक्कीम भारताचं राज्य झालं. चोग्यालांच्या कारभाराविरुद्ध तिथल्या बहुसंख्य नेपाळी भाषकांत खराखुरा राग होता, हे नाकारता येत नाही. पण प्रश्न बघा: राजपद रद्द व्हावं आणि सिक्कीम भारताचा घटक व्हावा. दोन प्रश्न एका फुलात. आमच्या गुरवानं देवाला असं विचारलं असतं की रान विकू आणि पोरीचं लग्नही यंदाच उरकू का, आणि फूल उजवं पडलं असतं, तर ते कशाला पडलं? ज्याला राजा नको पण भारतही नको, किंवा भारत हवा पण राजाही हवा, त्यानं हात कुठं ठेवायचा? आणि चार दिवसांत? ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये याच्या उलट झालं. ब्रिटनची राणी नको असणारे पुष्कळ होते, पण राष्ट्राध्यक्ष संसदेनं निवडायचा हे त्यांतल्या अनेकांना पटत नव्हतं. ते नाही म्हणाले आणि राणी राहिली. आजोबांचं म्हणणं खरंच होतं.

या साऱ्यात मला जवळचा वाटतो तो तिसरा रस्ता, आणि तो आमच्या शेजारचाच आहे. औंध. फलटणहून खटावच्या बाजूला गेलं की डोंगरावर यमाईचं देऊळ दिसतं, खाली गाव. या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे प्रचारक, चित्रकार, कीर्तनकार. १९३८ च्या नोव्हेंबरात वयाच्या सत्तरीत त्यांनी जाहीर केलं की राज्य लोकांच्या हाती देणार. मुलगा अप्पासाहेब पंत, मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि वर्ध्याला गांधीजी, अशा तिघांच्या खटाटोपातून घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. संस्थान केवढं? ७२ गावं, आणि तीही एका जागी नाहीत. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे विखुरलेले चार तुकडे, त्यातलं गुणदाळ तर कानडी मुलखात.

इथं राजा हवा की नको, असं कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. गावच्या पंचायतीत पाच माणसं कोण? त्या पाचांतला अध्यक्ष कोण? गावाध्यक्षांनी मिळून तालुका चालवायचा, तालुक्यांतून राज्याची सभा. भावकीतल्या बांधाचा तंटा गावातच ऐकायचा. शाळेची भिंत कधी बांधायची, विहिरीचा गाळ कुणी काढायचा, याचं उत्तर गावानंच द्यायचं. राजाचा स्वतःचा खर्च बांधून टाकलेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची बिनभिंतीची वसाहत उभी राहिली, जिच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. हे सगळं सुरळीत झालं असं समजू नये. अडाणीपण होतं, जुन्या पाटलांचा दाब होता, भावकी होती, आणि पंचायतीत निवडून आलेला माणूसही त्याच भावकीतला होता. पण दर महिन्याला, दर आठवड्याला गावाला काहीतरी विचारलं जात होतं आणि गावाला उत्तर द्यावं लागत होतं. प्रश्न लहान होता म्हणून खोटा असायला जागा कमी होती. इटलीच्या बाईनं एका दिवसात जे केलं, ते माणदेशातल्या मेंढरांमागच्या माणसानं नऊ वर्षं थोडं थोडं केलं. राजा असतानाच तो राजाविना चालायला शिकत होता.

आणि मग ८ मार्च १९४८ ला औंधही विलीन झालं. तारीख तीच, रीत तीच. उत्तर द्यायची ज्यांना नऊ वर्षांची सवय लागली होती, त्या ७२ गावांतल्या माणसालाही घरी जाऊन कुणी विचारलं नाही. फलटणच्या आजीला न विचारल्याचं मला एक वाईट वाटतं. औंधच्या माणसाला न विचारल्याचं दुप्पट वाटतं. पुढे साऱ्या राज्यात पंचायत राज आणायचं ठरलं, समित्या नेमल्या गेल्या, अहवाल लिहिले गेले. तेव्हा आटपाडीच्या म्हाताऱ्यांना कुणी बोलावून घेतलं असतं, तर पुष्कळ उपयोगाचं कळलं असतं.

अप्पासाहेब पंतांचं पुढचं आयुष्य पाहिलं की मला थांबावंसं वाटतं. ते भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. नॉर्वे, इंग्लंड, इटली अशा देशांत त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं. आणि १९५५ ते १९६१ या काळात ते गंगटोकला होते, सिक्कीममध्ये. राजाला मतानं आणणारा देश, न विचारता राहिलेली राणी, राजाला मतानं घालवणारा देश, आणि ज्याचं जाणं अजून वीस वर्षं पुढे होतं तो राजवाडा, हे सगळं एका माणसानं जवळून पाहिलं. आणि तो स्वतः गादीचा मुलगा, ज्याच्या बापानं आपणहून राज्य सोडलेलं. म्हातारपणी त्यांनी औंधच्या प्रयोगावर पुस्तक लिहिलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

फलटणचे शेवटचे अधिपती मालोजीराव नाईक-निंबाळकर पुढे मुंबई राज्याचे मंत्री झाले. कालपर्यंत ज्यांचा शब्द हाच कायदा होता, ते लोकांच्या मतांवर चालणाऱ्या सरकारात बसले. त्यांना राजेसाहेब म्हणणं कुणी सोडलं नाही, आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. आमच्या भाषेत ‘राजा’ हा शब्दच मुळात फार लाडका. आई पोराला राजा म्हणते. बैलजोडीतला एक सर्जा असला की दुसरा राजा असतो. पांडुरंग पंढरीचा राणा. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करत सराटीला येते, तिथं पादुकांना नीरेत स्नान घालतात आणि नदी ओलांडून पालखी पुढे जाते, त्या राणाकडेच. शेतकरी बळीराजा, आणि बलिप्रतिपदेला बायका ओवाळताना त्याचंच राज्य येवो म्हणतात. शिवाजी महाराजांविषयी तर बोलायलाच नको. आणि निवडणूक आली की वृत्तपत्रं लिहितात, मतदारराजा. ज्या भाषेनं गादीवरच्या राजाला घालवताना कधी आपलं मत नोंदवलं नाही, तिनं ‘राजा’ हा शब्द सगळ्यांना वाटून टाकला. मला त्यात मोठं मन दिसतं. पण भीतीही वाटते. २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो. सत्ता आली, पण शब्दात प्रजा तशीच राहिली आहे. आमच्या तालुक्यात मतदान काही थोडं होत नाही. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती. बोटावरची शाई निघायच्या आत दुसरी लागते. तरी सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून होतो, ‘मंजूर, मंजूर’ होतं आणि माणसं जिलेबीकडे वळतात, तेव्हा मला कुंडल-आटपाडीची ती पाच माणसं आठवतात. मी स्वतः गेल्या वर्षी हात वर करून विचारलं होतं, घसाऱ्याची रक्कम एवढी कशी. शेजारच्यानं हळूच माझा सदरा ओढला.

आजीला पहिल्यांदा कुणी काही विचारलं ते १९५२ च्या जानेवारीत. गावच्या शाळेत मतदान होतं. यादीवरच्या माणसानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं नाही, कसं सांगणार? पाठीमागच्या बाईनं सांगितलं. बोटाला शाई लागली, हातात कागद आला. आत पडद्याआड पेट्या मांडल्या होत्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, वर चित्र चिकटवलेलं. बैलजोडी होती एवढं तिला पक्कं आठवायचं. तिनं कोणत्या पेटीत कागद टाकला, हे ती आम्हाला कधी बोलली नाही. आजोबांनाही नाही. कागद टाकला, पेटीला नमस्कार केला आणि ती तिथंच उभी राहिली.

बाहेरून आवाज आला, “बाई, झालं का?”

“झालं,” ती म्हणाली. पण पाय हलेनात. फूल पडायची वाट बघत होती.